वरात पोचेपर्यंत

त्या काचेच्या मगाला मी दोन्ही हात लावले, तेव्हा आमच्या टेबलावरची सगळी माणसं हसली.

"दोन्ही हातांनी तीर्थ घेत्यात, मध्या," दादा म्हणाला. "मगाच्या कानात चार बोटं घाल आणि एका हातानं उचल. हितं हीच परीक्षा आस्ती."

एक लिटर मावणारा मग, नुसता रिकामाच सव्वा किलोचा. माझ्या मगात निम्मी बिअर आणि निम्मं लिंबाचं गोड पाणी होतं. विट्यात मी दारूला कधी शिवलो नव्हतो, आणि हे वहिनीला समजावून सांगताना दादाला घाम फुटला होता. उर्सुलावहिनीला वाटत होतं मी आजारी आहे.

"आता डोळ्यांत बघ," दादा म्हणाला. "मग मगावर आपटायचा, पर नजर समोरच्याच्या डोळ्यांत पायजे. न्हाईतर ही माणसं म्हणत्यात, ह्याच्या मनात कायतरी हाय."

मी बघितलं. एकोणीस वर्षांनी दिसलेले ते डोळे थेट आईचे होते. मग आपटले, मी एक घोट घेतला, तो नाकातून बाहेर आला, आणि टेबल पुन्हा हसलं.

ही गोष्ट चोवीस वर्षांपूर्वीची. म्यूनिकपासून मोटारीनं दोन तासांवर ते लहानसं गाव, आणि तो तिथल्या बिअरच्या जत्रेचा शेवटचा रविवार. जत्राच म्हणतो मी तिला. आकाशपाळणे होते, साखरेत घोळवलेल्या गरम बदामांचा वास होता, भाकरीएवढ्या बिस्किटांवर साखरेनं प्रेमाचे निरोप लिहून ती गळ्यात अडकवत होते. पहिल्या दिवशी सजवलेल्या घोड्यांच्या गाडीतून पिंपांची मिरवणूक निघाली आणि नगराध्यक्षानं लाकडी हातोड्यानं पहिल्या पिंपाला तोटी ठोकली. दोन घावांत तोटी बसली म्हणून लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या. सगळं होतं, फक्त देव कुठला ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

मी जत्रेला गेलो नव्हतो. मी दादाला न्यायला गेलो होतो. अण्णांची उजवी बाजू उन्हाळ्यातच गेली होती, वाचाही गेली होती. सगळं बोलणं गेलं आणि एकच शब्द उरला, "ताना". पाणी हवं असलं तरी ताना, कूस बदलायची असली तरी ताना. तानाजी म्हणजे दादा. पंधरा वर्षं त्यांचं सगळं मी बघत होतो, आता आंघोळही मीच घालत होतो, पण हाक त्याला. मी एकदा फोन त्यांच्या तोंडाशी धरला. पलीकडून दादानं ती हाक ऐकली. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन करून सांगितलं, "तू न्यायला ये. एकट्याचा पाय निघायचा न्हाई." तिकीट त्यानंच पाठवलं. बुधवारची परतीची तिकिटं वहिनीनं काढून ठेवली होती, दोघांची नव्हे, तिघांची. जत्रा संपेपर्यंत मात्र बँडमधून सुटका नव्हती.

दादा जत्रेच्या मांडवातल्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत होता. एरवी लाकडाच्या गिरणीत कामाला.

आम्ही वायदंडे बँडवालेच. अण्णांचा न्यू प्रकाश ब्रास बँड, विटा. आटपाडीपासून कडेगावापर्यंत असं घर नसेल ज्याच्या लग्नात अण्णांचं ट्रंपेट वाजलं नाही. वरच्या सुरावर जायच्या आधी अण्णा सूर इतका बारीक करायचे, की संपला असं वाटावं, वरातीतले नाचणारे क्षणभर थांबावेत, आणि मग त्याच दमात वर जायचे. ते कोणाला जमलं नाही. आणि अण्णांचा एक नियम होता. सुपारी घेतली की वरात दारात पोचेपर्यंत वाजवणाऱ्याच्या कानावर घरचा वाईट निरोप घालायचा नाही. दुसऱ्याच्या मांडवात आपलं सुतक न्यायचं नाही.

आई गेली तेव्हा आम्ही भाळवणीत एका लग्नाच्या मिरवणुकीत होतो. वैशाखातली दुपार. अण्णा पुढं, त्यांच्या समोर वळून वळून वाजवणारा दादा, मागं साईड ड्रमवर मी. शेजारचे लोहार मोटारसायकलवरून आले, अण्णांच्या कानाशी वाकले, अण्णा त्यांना दोन शब्द बोलले आणि ट्रंपेट पुन्हा तोंडाला लावलं. ते दोन शब्द म्हणजे "थांबू नका". उन्हाचे दिवस, आमच्यासाठी आईला ठेवू नका, असा त्याचा अर्थ. चार तासांनी वरात पोचली, आम्ही टेम्पोनं विट्याला आलो, तेव्हा घरात जमीन सारवून पणती ठेवलेली होती. दादानं आईचं तोंड बघितलं नाही. तेराव्याला तो घरातून गेला. आधी सर्कशीच्या बँडमध्ये शिरला, सर्कस परदेशात गेली, तिथं बुडाली, दादा तिथंच राहिला. एवढीच आमची हकीकत.

तर रविवारी बारा वाजता दादा चौथऱ्यावर चढला. मांडव म्हणजे केवढा, आमच्या बाजार समितीचं सगळं आवार त्यात मावलं असतं. लांबच लांब बाकं, अनोळखी माणसं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली, मधोमध उंच चौथरा आणि त्यावर तीस जणांचा बँड. दादा तिसऱ्या रांगेत, हिरव्या जाकिटात, गुडघ्यापर्यंतच्या चामडी चड्डीत. विट्यात असा निघाला असता तर कुत्री मागं लागली असती. दर पंधरा-वीस मिनिटांनी बँड एकच ठरलेली छोटी चाल धरायचा, सगळा मांडव उभा राहायचा, मग उंचावायचा, गायचा आणि प्यायचा. वाढणाऱ्या बायका एकेका खेपेला दहा-दहा मग छातीशी धरून नेत होत्या. वहिनीनं माझ्यापुढं भाजलेली अर्धी कोंबडी आणि मुळ्याचा स्प्रिंगसारखा कापलेला एक लांब पिळा ठेवला. मुळा बिअरबरोबर खातात हे बघून मला त्या लोकांबद्दल आपुलकी वाटली.

दादाचा मोबाइल माझ्याकडं होता. चौथऱ्यावर न्यायची परवानगी नव्हती. अडीचच्या सुमाराला तो खिशात थरथरला.

मी बाहेर पळालो. लाकडी घोड्यांच्या चक्राशेजारी जरा आडोसा होता. फोनवर चुलतभाऊ यशवंता.

"मध्या, अण्णा गेलं रं."

मी चक्राच्या कठड्याला टेकलो.

"आत्ताच, तासभर झाला. पेज घातली, आणि मान टाकली. तरास न्हाई झाला." तो नाक ओढत होता. "हे बघ, मिरजेच्या दवाखान्यात बर्फात ठेवता येतंय. परवा सकाळपर्यंत ठेवतो म्हणाले, त्याच्या फुडं न्हाई. ताना येणार आसल तर आत्ता नेतो. न्हाईतर भावकी जमलीया, रात्रीच्या आत उरकाय पायजे. तासाभरात सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

मी तिथंच उभा राहून हिशेब मांडला. दोन तास विमानतळ. रात्री नऊला एक विमान मुंबईला जातं, हे वहिनीनं तिकिटं काढताना सांगितलं होतं. उद्या सकाळी मुंबई, संध्याकाळी विटा. चारच्या आत निघालो तर दादाला अण्णा दिसत होते. म्हणजे सांगायचं होतं, आणि लगेच सांगायचं होतं. माझ्या मनात तेव्हा दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

आत आलो. वहिनीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. तिला मराठीतले पाच-सहा शब्द यायचे.

"अण्णा?" तिनं विचारलं. "अण्णा गुट?"

मी होय म्हणून मान हलवली. गुट म्हणजे बरे. बायकोला आधी सांगून नवऱ्याला नंतर कळावं हे बरं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. तिनं माझा हात थोपटला आणि पिशवीतून एक मोठं हृदयाच्या आकाराचं बिस्किट काढून दाखवलं. वर पांढऱ्या साखरेची अक्षरं होती. "अण्णा," ती पुन्हा म्हणाली आणि हसली. सासऱ्यासाठी घेतलं होतं. लग्नाला अकरा वर्षं होऊन ती पहिल्यांदा सासरी निघाली होती.

तीन वाजता बँडची सुटी झाली. दादा घामानं थबथबलेला, आमच्या बाकावर येऊन धपकन बसला.

"काय मग, मास्तर? कसा वाटला बँड? आपल्यापेक्षा सूर पक्का हाय, पर कंबर हालवणारं एक वाजवत न्हाईत बघ." त्यानं मग उचलला. "चल."

मी मग उचलला. मग मगावर आपटला. मी मगाकडं बघत होतो.

"डोळं कुठायत तुझं?" दादा म्हणाला.

मी वर बघितलं, पण फार वेळ नाही.

त्यानं मग खाली ठेवला. "घरनं फोन आल्ता?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांचा बँडमास्तर आला. झावेर त्याचं नाव, सत्तरीचा, पांढऱ्या कल्लेदार मिशांचा. त्या दिवशी तो शेवटचं वाजवणार आणि काठी खाली ठेवणार होता. त्यानं दादाच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलला, आणि दादा लहान पोरासारखा उभाच राहिला. वहिनीनं दोन्ही हात तोंडावर नेले.

"काय झालं?" मी विचारलं.

"सुटीनंतरचं पहिलं मला वाजवाय सांगितलंय. एकट्याला, फुडं उभा राहून," दादा म्हणाला. "तेरा वर्षं तिसऱ्या रांगेत हाय मी. गावाबाहेरच्याला फुडं कधी उभा केला न्हाई ह्यांनी." मग त्याला आठवलं. "फोनचं काय म्हणत हुतास?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "फोन न्हाई आला."

"खरं?"

"खरं."

"मग तोंड का असं?"

"बिअर चढली."

तो मोठ्यानं हसला, माझ्या टाळक्यात टपली मारली आणि गेला.

एवढं एक होऊ दे, मी मनात म्हणालो. पाच मिनिटांचं काम. मग चौथऱ्याच्या पायरीशी जाऊन सांगतो. अजून चार वाजले नव्हते.

दादा पुढं आला. झावेरनं त्याचं नाव घेतलं, ते तिथं टॉनी होतं. मांडवात गलका चालूच होता, कोणी कोंबडी फाडत होतं, कोणी बाकावर उभं होतं. दादानं ट्रंपेट लावलं. त्यांच्याकडची कुठली तरी संथ, डोंगरातल्या गुराख्यांची चाल होती. पहिल्या ओळीत मला काही वाटलं नाही. दुसऱ्या ओळीला चाल वर चढायला लागली, आणि वरच्या सुराच्या अलीकडं दादानं सूर बारीक केला. बारीक, आणखी बारीक. संपला असं वाटलं. आमच्या समोरच्या म्हाताऱ्याचा घास हातात राहिला. आणि त्याच दमात तो वर गेला.

ते अण्णा होते. एकोणीस वर्षं जो माणूस बापाचं नाव घेत नव्हता, त्याच्या छातीत अण्णांचा दम जसाच्या तसा होता. तिकडं विट्यात तो दम तासा-दोन तासांपूर्वी संपला होता.

फोन थरथरला. मी जागचा उठलो नाही. तिथंच कानाला लावला, दुसरा कान दाबून.

"काय ठरलं?" यशवंता विचारत होता. "माणसं खोळंबल्यात. हे काय वाजतंय?"

"दादा वाजवतोय."

मी फोन कानापासून काढून चौथऱ्याच्या दिशेला धरला. किती वेळ ते माहीत नाही. परत कानाला लावला तेव्हा यशवंता रडत होता.

"अण्णाच की रं," तो म्हणाला. "अगदी अण्णा."

"व्हय."

"मग काय करू मध्या? ठेवू मिरजेला?"

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मला दादाला वाचवायचं नव्हतं, त्याचा मानाचा क्षण राखायचा होता असंही नव्हे. मला ते वाजणं थांबायला नको होतं. मी तोंड उघडलं की ते थांबणार होतं, आणि ते थांबलं की अण्णा खरेच गेले असते. पंधरा वर्षं मी त्यांचं सगळं केलं, पण हाक मला कधी मिळाली नाही. त्या मांडवात मला ते पुन्हा धडधाकट ऐकू येत होते, आणि मी लोभ धरला.

"थांबू नका," मी म्हणालो.

दादाचं संपलं. मांडव उठला, बाकं वाजली, मग टेबलावर आपटले गेले. मीही उभा राहून टाळ्या वाजवल्या. दादानं चौथऱ्यावरून मला शोधलं आणि माझ्याकडं बघून ट्रंपेट उंच केलं. मी हात हलवला. मग झावेरनं त्याला तिसऱ्या रांगेत जाऊच दिलं नाही. सहा वाजेपर्यंत दादा पुढंच उभा होता. दर थोड्या वेळानं तो माझ्याकडं बघायचा, आणि मी हसायचो.

सहाला मी त्याला मांडवाच्या मागं गाठला. रिकामी पिंपं रचलेली होती आणि बायका मग धूत होत्या. दादा ट्रंपेटमधलं पाणी गवतावर काढत होता.

"दादा, अण्णा गेलं."

तो फडक्यानं नळी पुसत राहिला. "कवा?"

"आज. अडीचला फोन आला."

"अडीचला." त्याचे हात थांबले. "म्हंजे मी खाली यायच्या आधी."

"व्हय."

"मी तुला इचारलं, मध्या."

"व्हय."

"तुझं डोळं बघून मला कळलं हुतं. पर तू खरं म्हणलास. म्हणलं, भाऊ हाय, खोटं कशाला बोलंल." त्यानं फडकं घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. "ठेवलंय का?"

"न्हाई. मी थांबू नका म्हणालो."

तेवढ्यात वहिनी आली, बिस्किट छातीशी धरून, नवऱ्याचं कौतुक करायला. आमची तोंडं बघून ती तिथंच थबकली. दादा तिच्याशी त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलला. तिनं माझ्याकडं बघितलं. दुपारी मी मान हलवली होती ते तिला आठवलं असणार. ती पिंपाच्या कडेवर बसली आणि रडू लागली. न बघितलेल्या सासऱ्यासाठी ती एकटीच मोकळेपणानं रडली.

"अण्णांचाच पोरगा हाईस तू," दादा मला म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

बुधवारी मला सोडायला तो विमानतळावर आला. वहिनीचं आणि त्याचं तिकीट त्यानं रद्द केलं होतं. दोन दिवस आम्ही एका घरात जेवलो, झोपलो, त्यानं माझं ताट वाढलं, माझी बॅग बांधली, गावाकडच्या पोरांसाठी चॉकलेटं घातली. बोलला मात्र कामापुरतं. रांगेत उभा असताना मीच म्हणालो, "तेराव्याला तरी ये, दादा. राख सावडायला न्हाई, निदान तेराव्याला."

"कशाला?"

"लोक इचारतील."

"लोकांसाठी मी येणार न्हवतो." तो पुढच्या माणसाच्या बॅगेकडं बघत होता. "अण्णांसाठीबी न्हवतो. मला एक इचारायचं हुतं त्यास्नी. एकोणीस वरसं घोकलं मी. आई गेल्याचं कानात सांगितल्यावर, फुडचं चार तास माझ्या तोंडाकडं बघत वाजवलंसा कसं? एवढंच. वाचा गेलीती, उत्तर कुठलं येतंय. पर मी इचारताना त्यांचं तोंड बघितलं असतं. तेवढ्यानं भागलं असतं."

रांग दोन पावलं पुढं सरकली. मी बॅग ढकलली.

"आता कोण सांगणार?" दादा म्हणाला.

मला सांगता आलं असतं. कसं बघायचं, कसं हसायचं, हात कसा हलवायचा, कितव्या गाण्यानंतर ते सोपं व्हायला लागतं, रविवार दुपारपासून मला ते सगळं येत होतं. दादा माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. काउंटरवरच्या बाईनं पासपोर्ट मागितला, तो मी तिला दिला.